"एका उन्हाळ्यात ट्रॅक वाकडा झाला" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

आमच्याकडून नेलेला मॉडेल रेल्वेचा एचओ (१:८७ मापाचा) फ्लेक्सी, म्हणजे हवा तसा वळवता येणारा ट्रॅक मे महिन्यात बेसबोर्डवरून (खालच्या फळीवरून) उचलला गेला, नागमोडी झाला, 'माल हलका' असूनही पैसे परत मिळाले नाहीत, असं लिहून आपण एक स्टार दिलाय. एवढी मेहनत केल्यावर वैताग येणारच. पण ट्रॅकमध्ये दोष नाही, म्हणून पैसे परत देणार नाही.

आपण दाखवलेल्या फोटोंत तीन मीटरची सरळ लाइन आहे आणि एकाही जॉइंटला फट नाही. रूळ निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जानेवारीची पहाट आणि मेमधली दुपार यांत ३५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात तीन मीटर रूळ जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर वाढतो. ऐकायला किरकोळ, पण टोकाला जागा नसली की तो बाजूला फुगतो आणि तिथे हे अंतर कितीतरी पटींनी दिसतं. त्यात उन्हाळ्यात प्लाय सुकून आक्रसतो. रूळ लांबतोय, खालची फळी आखडतेय! खऱ्या रेल्वेलाही हे चुकलेलं नाही. उन्हाळ्यात गँगमन दुपारची गस्त उगाच घालत नाहीत.

थंडीत ट्रॅक टाकताना दर जॉइंटला व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, अर्धा मिलिमीटरच्या आसपास फट ठेवायची. रेल जॉइनर, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारे धातूचे तुकडे, सगळीकडे सोल्डर करायचे नाहीत. वळणावर करा, तिथे कोन पडू नये म्हणून ते लागतंच. सरळ भागात सुटे ठेवा आणि करंटसाठी प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर द्या.

आता चिकटवण्याचं. आपण फेविक्विक वापरलंय. ते कडक होतं, जरा हालचाल झाली की तडकतं. ट्रॅकखालच्या कॉर्कच्या थरावर ॲक्रिलिक सीलंटचा पातळ थर पुट्टीच्या पट्टीने ओढा, ट्रॅक दाबा, रात्रभर वर पुस्तकं ठेवा. पुढे लेआउट बदलायचा झाला तर हीच पट्टी खालून सरकवली की ट्रॅक शाबूत निघतो. सिलिकॉन नको, त्याच्यावर रंग धरत नाही.

खिळेही जरा जास्तच ठोकलेत. डोकं स्लीपरला (रुळांखालच्या आडव्या पट्टीला) टेकलं की थांबायचं. आणखी एक घाव घातला की स्लीपर मधे दबतो, रूळ आत झुकतात आणि १६.५ मिमीचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, कमी होतं. "इंजिन एकाच जागी उतरतं" ही आपली दुसरी तक्रार बहुधा त्याचीच आहे.

वाकलेले तुकडे फेकू नका. बेसबोर्ड आणता आला तर आणा. आमचा मुलगा रेझर सॉने (बारीक करवतीने) फटी कापून देईल, त्याचे पैसे नाहीत. पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) मात्र नवा घ्यावा लागेल. त्याच्या हलणाऱ्या पट्ट्यांत फेविक्विक गेलंय, आणि तो आम्ही फुकट बदलून देणार नाही.