तारवणीवाले, जॉबर आणि १९८६ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तारवणीवाल्यांवरच्या माझ्या लिखाणावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मार्केट मेकिंग, म्हणजे शेअर घ्यायचा आणि विकायचा असे दोन्ही भाव देत बसण्याचा धंदा, अमेरिकेत जन्मला, लंडनने तो १९८६ साली उचलला, आणि मुंबई शेअरबाजारात असेच दुतर्फा भाव देणाऱ्या तारवणीवाल्यांना मी त्या पंगतीत बसवलं ते निव्वळ देशाभिमानापोटी. भाव देण्याचं बंधन नव्हतं, म्हणजे ते सटोडियेच. वर 'वडोदऱ्यात बसून दलाल स्ट्रीटच्या गप्पा' हा टोला.

टोला मान्य. दांडिया बाजारातून दलाल स्ट्रीट दिसत नाही. बाकीचं मान्य नाही.

२७ ऑक्टोबर १९८६ ला लंडनमध्ये नवा धंदा जन्मला नाही, जुनी भिंत पडली. तोवर दलालाने गिऱ्हाइकाचं काम करायचं, जॉबरने स्वतःच्या खात्यावर माल घ्यायचा-विकायचा, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही, असा नियम होता. दलाल जॉबरपाशी जाऊन नुसता भाव विचारी. घ्यायचंय की विकायचंय, हे सांगत नसे. जॉबर दोन्ही भाव सांगे, मगच दलाल आपली बाजू उघड करी. सगळी गोम त्या लपवण्यात आहे. समोरच्याची बाजू कळत नसल्याने जॉबरला दोन्ही भाव सांभाळूनच द्यावे लागत, आणि त्या दोहोंतल्या फरकावर त्याचं घर चाले. मार्केट मेकिंगचा गाभा हाच. १९८६ नंतर ही दोन्ही कामं एकाच पेढीला करता येऊ लागली, इतकंच. जॉबर ही जमात तर कितीतरी जुनी : दलाल आणि स्टॉक-जॉबरांच्या गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटने १६९७ मध्येच केला होता.

बॉइड नावाच्या दलालाचा पाय मोडला, १८७५ मध्ये तो खुर्ची टाकून एकाच जागी वेस्टर्न युनियनचे सौदे करत बसला आणि 'स्पेशालिस्ट', म्हणजे ठरावीक शेअरचाच धंदा करणारा, जन्मला, ही तुम्ही दिलेली गोष्ट न्यूयॉर्कमध्ये आवडीने सांगतात. पण एका मोडक्या पायावर अख्खा धंदा कशाला उभा करायचा? (मुंबई शेअरबाजार जिच्यातून झाला त्या नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशनचंही साल १८७५च. यातून काही सिद्ध होत नाही, मला आपली मजा वाटते.)

आता बंधनाचा मुद्दा. अमेरिकेच्याच १९७५ च्या कायदादुरुस्तीतली व्याख्या पाहा : स्वतःच्या खात्यावर एखादा शेअर नियमितपणे किंवा सतत घ्यायला आणि विकायला आपण तयार आहोत असं जो जाहीर करतो, तो मार्केट मेकर. व्याख्या तयारीवर उभी आहे, करारनाम्यावर नाही. रिंगमध्ये, म्हणजे सौद्यांच्या दालनात, ठरावीक शेअर धरून दुतर्फा भाव देणारा तारवणीवाला त्यात सहज बसतो. सटोडिया भाव चढेल की पडेल यावर पैसे लावतो. तारवणीवाल्याला संध्याकाळी हातात माल उरला की धास्ती.

एका बाबतीत मात्र तुमचा राग रास्त आहे. लंडनची ती भिंत मुंबईत नव्हती. तारवणीवाला दलालीही करू शके, म्हणजे गिऱ्हाइकाचा माल पडत्या भावात आपल्याच खिशात घालण्याची सोय. बदनामी फुकट झाली नाही. पण लबाड सराफ हाही सराफच असतो.

आणि बंधनाने बाजार उभा राहतो, यावर तुमचा इतका विश्वास कसा? ओटीसीईआय (ओव्हर द काउंटर एक्स्चेंज ऑफ इंडिया) या शेअरबाजाराने नव्वदीच्या सुरुवातीला मार्केट मेकर सक्तीचे केले. तिथले सौदे शेवटी आटलेच. उलट बंधन नसलेली मुंबईची रिंग १९९५ मध्ये बोल्ट या संगणकी सौद्यांच्या यंत्रणेचे पडदे येईपर्यंत गजबजलेली होती. आज छोट्या-मध्यम कंपन्यांच्या शेअरसाठीच्या एसएमई मंचांवर नोंदणीनंतर तीन वर्षं मार्केट मेकर सक्तीचा आहे आणि त्याने दिवसातला पंचाहत्तर टक्के वेळ दुतर्फा भाव द्यायचा असतो. भाव तो देतो, पण घ्यायला माणूस कुठून आणणार? आपलं वडोदरा स्टॉक एक्स्चेंज कसं बंद पडलं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बदल्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. तो या चर्चेत येत नाही. बदला म्हणजे सौदा पुढच्या वलणात (हिशेब चुकता करण्याच्या मुदतीत) ओढण्यासाठी लागणाऱ्या पैशाची सोय, दुतर्फा भाव देणं नव्हे. जुलै २००१ मध्ये तो बंद झाला. त्यावर वेगळं लिहीन, तेव्हाही असंच भांडायला या.