उत्तर कोरियाचा बॉम्ब अमेरिकेने दिलेल्या भट्ट्यांतून आलेला नाही

‘1994 च्या करारात अमेरिकेने उत्तर कोरियाला दोन अणुभट्ट्या दिल्या आणि त्यांतूनच बॉम्ब बनला’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. उत्तर कोरियाने आपली जुनी भट्टी बंद ठेवायची आणि बदल्यात त्याला विजेसाठी दोन नव्या भट्ट्या मिळायच्या, असा तो करार होता. उत्तर कोरियातल्या कुम्हो इथल्या त्या नव्या भट्ट्यांचं बांधकाम अर्धवटच राहिलं. त्या कधी सुरू झाल्याच नाहीत.

2006 च्या पहिल्या अणुचाचणीतलं प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बचा स्फोटक पदार्थ, योंगब्योन अणुकेंद्रातल्या जुन्या भट्टीतलं, आणि ती उत्तर कोरियाने स्वतः बांधलेली होती. उलट करारामुळेच ती 2002 च्या अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांच्या नजरेखाली बंद राहिली. करार मोडला, निरीक्षकांना हाकललं गेलं आणि 2003 मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

म्हणून करार निर्धोक होता असं मुळीच नाही. योंगब्योनवर पहारा असतानाच प्योंगयांगने पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांच्या छुप्या जाळ्यातून युरेनियम समृद्धीकरणाची, म्हणजे बॉम्बचा पदार्थ बनवण्याच्या दुसऱ्या वाटेची, यंत्रं मिळवली. पहारा जाहीर ठिकाणांपुरता होता, छुप्या कामावर त्याची पकड नव्हती. वैरी राष्ट्राशी करार करण्यातला खरा धोका हा, आणि माझ्या मते तो फार गंभीर आहे. त्यावर टीका जरूर व्हावी. न चाललेल्या भट्ट्यांवर खापर फोडलं की नेमकी हीच त्रुटी नजरेआड होते.