भगिनी संस्थेत विलीन कसे व्हावे

पहिलं पथ्य म्हणजे 'बंद' हा शब्द उच्चारायचा नाही. कॉलेज बंद पडत नसतं, ते विलीन होतं. ट्रस्ट तोच, अध्यक्ष तेच, गेटवरचे मामासुद्धा तेच. तरी परिपत्रकात 'दोन संस्थांचा संगम' असंच छापा. पुण्याला मुळा-मुठेमुळे संगमाची सवय आहे, आणि पुढे पाण्याचं काय होतं हे इथे कोणी विचारत नाही.

मुहूर्त ऐन प्रवेशांचा धरा. आधी कमानीवरचा बोर्ड रंगवा, मग ठराव करा, विद्यापीठाची परवानगी शेवटी. स्थानिक चौकशी समिती येईपर्यंत रंग वाळला म्हणजे झालं.

खरी गंमत डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सामानसुमानाच्या नोंदवहीत आहे. प्रयोगशाळेतली ६० स्टुलं तुमच्याकडे नोंदलेली, ६० भगिनीकडे. मोजायला गेलात तर दोन्हीकडची मिळून ६०च भरतात, कारण ज्या इमारतीत तपासणी, तिथे ती आदल्या रात्री टेम्पोने जायची. आता नुसती कागदावर उरलेली ६० निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून काढून टाका; कारणाच्या रकान्यात 'वाळवी' लिहा. स्टुलं लोखंडी असली तरी. ग्रंथालयाचं तर विचारूच नका. पुस्तकांचे दाखल अंक दोन्हीकडे १ पासून सुरू, त्यामुळे ४१२ नंबरला 'सहकार' आणि 'सेंद्रिय रसायनशास्त्र' एकाच कार्डावर नांदतील. अंकाआधी एक अक्षर जोडलं की प्रश्न मिटतो, म्हणून ते जोडू नका.

एटीकेटीवाल्यांना, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांना, नव्या कॉलेजात पाठवा. तिथे कळेल की त्यांचा परीक्षा फॉर्म जुन्याच कोडवर इनवर्ड होतो. जुन्या लॉगिनचा ओटीपी ऑफिसातल्या निवृत्त भाऊसाहेबांच्या मोबाइलवर जातो, आणि ते संध्याकाळी नातवाला घेऊन सारसबागेत असतात. फोन घरी.

प्राचार्य दोन, खुर्ची एक. एकांना 'संचालक, विकास' करा. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकांना विलीन करायची गरजच नाही. पुढच्या वर्षीचं पत्र दिलं नाही की झालं.

विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदींचं जनरल रजिस्टर जिन्याखाली ठेवा, पावसाचं पाणी तिथेच साचतं.

आता रिकामी इमारत. ट्रस्टची इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, तेव्हा करार बरोबर ३ वर्षांचा करा. भाडेकरू स्पर्धा परीक्षांचा क्लास मिळेल. पत्र न मिळालेले तुमचे सर तिथेच तासावर शिकवतील. खोलीही तीच, फक्त पगार वेळेवर.