शरीराची साक्ष कितपत धरावी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुलाखतीला आलेल्या मुलाच्या बोलण्यात मालवणी हेल ऐकताच साहेबांच्या मनात बसणारी अढी शब्दांच्या जोड्या लावायला सांगून (कोणते शब्द कशाशी किती चटकन जोडले जातात ते पाहून) काय मोजता, शरीर खोटे बोलत नाही, तेव्हा सरळ तळहाताचा घाम आणि हृदयाचे ठोके मोजा, असा आपला आक्षेप आहे.

शरीर खोटे बोलत नसेलही, पण ते फार मोघम बोलते. घामासोबत त्वचेची विद्युतवाहकता वाढते आणि त्यावरून मन किती ढवळले हे कळते. ते तिरस्काराने ढवळले, संकोचाने, की गावची बोली अवचित कानी पडल्याच्या आनंदाने, हे त्यावरून कळत नाही. (शिवाय उष्मा आणि दमट हवा यांनीही हे आकडे हलतात, त्यामुळे मे महिन्यात वेंगुर्ल्याला हा प्रयोग करणाऱ्याने आधी खोली थंड करून घ्यावी.) भुवया आक्रसणाऱ्या आणि गाल वर खेचणाऱ्या स्नायूंचे विद्युत-आलेखन त्या मानाने बरे, कारण त्यातून आवड-नावडीची दिशा तरी कळते.

खरी अडचण पुढेच आहे. शरीराचा संकेत ज्याचा त्यालाही जाणवतो आणि त्यावरून तो आपले मत बनवतो. मानसशास्त्रज्ञ स्टुअर्ट व्हॅलिन्स यांच्या १९६६ सालच्या प्रयोगात तरुणांना स्त्रियांची छायाचित्रे दाखवताना 'तुमच्याच हृदयाचे ठोके' म्हणून आधी ध्वनिमुद्रित केलेले ठोके ऐकवले गेले. ज्या चित्रांच्या वेळी ठोक्यांची गती बदलली, तीच चित्रे त्यांना अधिक आकर्षक वाटली. म्हणजे आपल्या साहेबांना त्यांचे ठोके ऐकू आले, तर अढी मोजली जाते आहे की तिथेच घडते आहे, हे कोणी सांगावे? मात्र हा परिणाम फुगवूनही सांगू नये. दातांत पेन धरून हसरा चेहरा करवला की व्यंगचित्रे अधिक मजेशीर वाटतात, असे सांगणारा १९८८ सालचा गाजलेला प्रयोग २०१६ मध्ये सतरा प्रयोगशाळांनी करून पाहिला, तेव्हा अपेक्षित परिणाम मिळाला नाही.

जोड्या लावण्याची चाचणी, जी मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडली, तीही शेवटी कळ दाबणाऱ्या बोटांचा वेगच मोजते. आपण मानता तितकी ती शरीरापासून दूर नाही. त्याच माणसाचा गुणांक दुसऱ्या वेळी बराच वेगळा येऊ शकतो, म्हणून एकट्या साहेबांवर शिक्का मारायला ती मीही वापरणार नाही. त्याऐवजी एकाच वक्त्याकडून तीच उत्तरे मालवणी हेलात आणि पुस्तकी मराठीत ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, ती वेगवेगळ्या परीक्षकांना ऐकवावीत आणि नोकरी कोणाला देतात ते पाहावे.