अंड्यांच्या कोंबड्या

सहा पिल्लं आणली, पिवळीधमक. दुकानदार म्हणाला लेगहॉर्न आहेत, एकेक वर्षाला अडीचशे-पावणेतीनशे अंडी देईल, आणि मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात गुणाकारच करत होतो.

आज 42 दिवस झाले. सकाळी शेजारचे काका कुंपणावरून डोकावले.

"कधी उरकताय?"

"काय?"

"ह्या." आणि हाताने गळ्यापाशी एक रेघ ओढली.

"काका, अंड्यांच्या आहेत त्या. अजून तीन महिने तरी आहेत अंड्यांना."

काका हसले नाहीत, तेच जास्त लागलं. आत गेले आणि प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. एक कोंबडी उचलून पिशवीत घातली, तिने साधी फडफडसुद्धा केली नाही, उलट पिशवीत खायला काय आहे ते बघत बसली.

"दोन किलो चारशे."

"पिशवी धरून असेल."

"पिशवी दोन किलोची असते का रे? लेगहॉर्न या वयात अर्धा किलोपण भरत नाही. पुरी वाढली तरी दोनच्या आसपास. ब्रॉयलर आहेत या, ब्रॉयलर!"

मग काकांनी उरलेल्या पाचही मोजल्या. गरज नव्हती. प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने सांगत होते, शेजारच्या बाईंना ऐकू जाईल एवढ्या.

आता वाटतं, दिसायला हवं होतं. मी बसायला आडवी काठी लावली, तिच्यावर एकही चढली नाही. मला वाटलं समजूतदार आहेत. दिवसभर खाद्याच्या भांड्याला टेकून बसायच्या, मी म्हटलं वा, तब्येत चांगली आहे. पायापेक्षा छाती वाढली तर त्यांनी चालायचं कसं? पण पिल्लं असताना दोन्हींचा रंग पिवळाच, मी काय त्यांचा जन्मदाखला बघणार होतो?

दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "साहेब, पिल्लं मेली म्हणून लोक भांडतात, वाढली म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच." यावर काय बोलणार? खोक्यावर जात लिहिलेली नाही, पावतीवर नुसतं 'पिल्ले – 6', आणि चूक त्याची असून निस्तरतोय मी. खाद्य मोजून द्यायचं, पाण्याचं भांडं त्यांच्या तोंडाशी सरकवायचं, कारण दोघींना चार पावलांतच धाप लागते. ते बघताना हसू येत नाही हो. अंडी घालायला गवत अंथरून केलेले दोन खोकेही तसेच पडलेत, आत झुरळं राहतात.

काका जायला निघाले तेव्हा मी पिशवी परत द्यायला गेलो.

"राहू दे," म्हणाले, "तुलाच लागेल."