कार्ड कापा, निश्चिंत झोपा

क्रेडिट कार्ड बंद करायचंय? घरात कात्री आहे ना, मग झालं. चार तुकडे करून कचऱ्यात टाका आणि गंगेत घोडं न्हालं म्हणा. बँकेला मात्र कळवू नका. खातं चालूच राहील, वर्ष भरलं की ४९९ रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे लागतील आणि बिल तुम्ही कधीच न उघडणाऱ्या ई-मेलवर जाईल. मग तुमच्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्ज-कार्डाच्या परतफेडीच्या नोंदवहीत, ‘थकीत दिवस’ या रकान्यात आधी ३०, मग ६१, मग ९२ असे आकडे चढतील. एवढ्याशा रकमेत एवढी प्रगती दुसरीकडे कुठे मिळते?

लेखी अर्ज करणारे लोक भित्रे. बाकी शून्य असेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेनेच ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. असल्या पैशाला हात लावू नये. ना-देय दाखला तर मुळीच मागू नका, उगाच फाईल जाड होते.

बंद करायला कार्ड निवडताना सर्वांत जुनं, मोठ्या मर्यादेचंच निवडा. समजा जुन्याची मर्यादा १ लाख, नव्याची ५० हजार आणि महिन्याचा खर्च ३० हजार. आज वापर, म्हणजे एकूण मर्यादेतला खर्चाचा वाटा, २० टक्के. जुनं गेलं की खर्च तोच, वापर ६० टक्के! हे सगळं गृहकर्जाच्या अर्जाआधी महिनाभर उरकावं.

वसुलीवाला म्हणाला, “साहेब, निम्म्यात मिटवून टाकू,” तर लगेच हो म्हणा. अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागेल. आपल्याकडे मुलगा सेटल झाला की पेढे वाटतात. बँक मात्र वाचते: याने उरलेले बुडवले.

अहवाल पाहूच नका. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा तो फुकट देतात, म्हणजे काहीतरी गोम असणारच. पाहिलात आणि भलत्याचंच कर्ज तुमच्या नावावर निघालं, तर तक्रारीत फक्त “सगळं चुकीचं आहे” लिहा. अहवालावरचा कंट्रोल नंबर (त्या अहवालाचा ओळख क्रमांक), कोणतं खातं, कोणता रकाना हे सांगू नका, बँकेचं पत्रही जोडू नका. कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेला विचारते. बँकेला २१ दिवस, एकूण ३० दिवस. त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई सुरू होते, म्हणून तक्रार क्रमांकाचा मेसेज आजच डिलीट करा.

धीर सुटला तर पहिल्याच दिवशी थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आधी संस्थेकडे तक्रार केलेली नाही म्हणून अर्ज परत येईल. तोवर “आठवड्यात क्रेडिट स्कोअर ८०० करून देतो” म्हणणारा एजंट भेटलेला असेलच. त्याला पॅन द्या, पाच हजार द्या. ओटीपी मागितला तर तोही द्या, बिचारा तुमच्यासाठीच खटपट करतोय.