छोल्यांचं पाणी म्हणजे अंडं नव्हे

‘काबुली चणे उकडलेलं पाणी ओतून देऊ नका! तीन चमचे पाणी म्हणजे एक अंडं. केक, पुडिंग, कशातही घाला, कुणाला कळणारही नाही. वर प्रोटीन फुकट!’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुरातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढे मात्र गफलत सुरू होते.

‘उकडलेलं पाणी’: कोणतं? ही युक्ती विकतच्या डबाबंद, शिजवलेल्या कडधान्यांवरून आली. फ्रान्समधल्या ज्योएल रोसेल यांनी २०१४ मध्ये असं पाणी फेसाळतं हे दाखवलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी डब्यातल्या चण्यांचं पाणी आणि साखर एवढ्यावरच मेरँग (एरवी अंड्याचा पांढरा आणि साखर फेटून, भाजून होणारी कुरकुरीत मिठाई) केलं. डब्यात चणे त्याच पाण्यात मुरत राहतात, म्हणून ते दाट असतं. आपल्या कुकरमधलं पाणी पातळ, त्यात मीठ, सोडा आणि कधी चहाची पुरचुंडीसुद्धा! आटवल्यावर मीठ आणखी खारट लागतं, सोड्याने साबणासारखी चव येते. तेलाचा थेंब असेल तर फेस उभाच राहत नाही.

त्यासाठी चणे वेगळेच लावायचे. २५० ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या. नवीन पाणी चण्यांवर दोन बोटं येईल एवढंच घाला, बाकी काही नाही. मऊ शिजले की त्याच पाण्यात गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गाळून पाणी मंद आचेवर साधारण एक कप (२४० मिली) उरेपर्यंत आटवा. गार झाल्यावर चमच्यातून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार पडली पाहिजे. पडली नाही तर अजून आटवा. जेलीसारखं थिजलं तर चमचाभर पाणी घाला.

‘कशातही घाला’: इथे खरा घोटाळा. अंडं दोन कामं करतं. फेटल्यावर हवा धरतं आणि तापल्यावर घट्ट होतं. चण्याचं पाणी पहिलं काम छान करतं. त्यातली थोडी प्रथिनं, स्टार्च आणि सॅपोनिन (चण्यातलंच साबणासारखं फेसाळणारं द्रव्य) मिळून फेस धरतात. दुसरं काम त्याला जमत नाही. त्यामुळे कॅरमेल पुडिंग, बेक्ड कस्टर्ड, लेमन टार्टचं सारण यांत ते घातलं की कितीही वेळ भाजा, पळीवाढंच राहतं. नुसत्या अंड्याच्या फेसावर उभा राहणारा स्पंज ओव्हनमध्ये फुगतो आणि बाहेर काढला की बसतो. गोव्याच्या बेबिंकात तर पिवळे बलकच लागतात. त्यांची स्निग्धता आणि रंग या पाण्यातून कुठून येणार?

कुकी, ब्राउनी यांत मैदा आणि साखर आकार सांभाळतात, तिथे एका अंड्याऐवजी तीन मोठे चमचे (४५ मिली) पाणी चालतं. नुसत्या पांढऱ्याऐवजी दोन पुरतात. साध्या मैद्याच्या केकला मात्र एका अंड्यामागे पाव कप दहीच बरं, उगाच चणे कशाला?

‘जास्त फेटू नका, फुटेल.’ हा सल्लाही सोबत येतो. तो अंड्याच्या पांढऱ्याला लागू आहे, इथे उलट आहे. हे पाणी जास्त फेटून सहसा बिघडत नाही, लोक लवकर थांबतात म्हणून बिघडतं. मेरँगसाठी चण्याचं १२० मिली गार पाणी, अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस, भांडं कोरडं आणि तूपकट नसलेलं. इलेक्ट्रिक बीटरने मऊ तुरे आल्यावर १५० ग्रॅम पिठीसाखर एकेक चमचा घालत जा. एकूण १०-१५ मिनिटं लागतात. भांडं उलटं धरलं तरी फेस हलला नाही आणि बोटांत चोळल्यावर साखर खरखरली नाही, की झालं.

ओव्हन १०० अंशांवर, दीड ते दोन तास, मग बंद करून आतच गार होऊ द्या. १५० अंशांवर लावलं तर फेस वितळून ट्रेवर चिकट चकती उरते. तळाशी पाकाचे थेंब दिसले तर साखर विरघळली नव्हती किंवा भाजणं कमी पडलं. चण्याचा वास भाजताना बहुतेक जातो. न भाजलेल्या मूसमध्ये (फेसाळ, गार गोड पदार्थात) राहतो, तिथे डार्क चॉकलेट किंवा भरपूर व्हॅनिला हवंच.

‘प्रोटीन फुकट.’ अंड्याच्या पांढऱ्यात सुमारे १०-११ टक्के प्रथिनं असतात, या पाण्यात एक-दीड टक्का. ती खायला १५० ग्रॅम साखर खावी लागते. प्रोटीन हवं असेल तर खालचे चणे खा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही मेरँग अर्ध्या तासात चिकट होतात. गार झाल्या झाल्या हवाबंद डब्यात भरा, ओली क्रीम वाढतानाच घाला. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर महिनाभर, आणि नंतरही तितकंच फेसाळतं.